स्टेम सेल क्लिनिक, संभाजीनगर : १ स्टार

लहान भाऊ विहिरीत पडला, मणक्याला मार लागून पायातली ताकद गेली, म्हणून जालन्याहून इथं आणलं तर एमआरआय वरवर बघून लगेच स्टेम सेलच्या, म्हणजे ज्यांच्यापासून दुसऱ्या पेशी तयार होतात अशा मूळ पेशींच्या, चार इंजेक्शनचं पॅकेज सांगितलं, एक एकर विकावं लागलं असतं. ट्रायलचा, म्हणजे उपचार पेशंटवर तपासून बघायच्या अभ्यासाचा, रजिस्ट्रेशन नंबर मागितला तर सगळे गप्प. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०१७ च्या नियमांत रक्ताचे ठराविक आजार सोडले तर स्टेम सेल फक्त ट्रायलमध्येच देता येतात. स्टेम सेलसोबत स्कॅफोल्डचंही नाव निघतं, म्हणजे मणक्यातल्या जखमेच्या पोकळीत बसवायची विरघळणारी जाळी, तिच्यावर पेशी टिकतात, नसांना वाढायला वाट मिळते, पण त्याचा अजून अभ्यासच चालू आहे. इथं भिंतीवर चालणाऱ्या पेशंटचे फोटो, आई त्यांच्यापुढं हात जोडून उभी राहिली, लय वाईट वाटलं. आम्ही परत आलो, फिजिओ चालू आहे, दर दोन तासाला भावाची कूस बदलतो.