कोकणच्या समुद्रावर कॉटमनची खिशातली पेटी

विन्सर अँड न्यूटन या रंगकंपनीच्या कॉटमन मालिकेतला 'स्केचर्स पॉकेट बॉक्स' म्हणजे पांढऱ्या प्लास्टिकची, शर्टाच्या खिशात मावणारी पेटी. आत जलरंगाच्या बारा हाफ पॅन (लहान चौकोनी कप्प्यातल्या) वड्या, मधल्या खाचेत बोटभर लांबीचा ब्रश आणि झाकणातच रंग कालवायचे खळगे. प्रवासी चित्रकारांच्या पाठपिशव्यांत ही पेटी हमखास सापडते. इथे तिचा विचार फक्त एका कामासाठी केला आहे: कोकण किनाऱ्यावर बसून समुद्र रंगवणं. या कामाला पेटी घ्यावी, पण त्यातल्या तीन वड्या बदलाव्यात आणि आतला ब्रश घरीच ठेवावा.

आधी भरलेल्या रंगांकडे पाहू. लेमन यलो, कॅडमियम यलो, कॅडमियम रेड पेल, अलिझरिन क्रिमझन, अल्ट्रामरीन, कोबाल्ट ब्लू, व्हिरिडियन, सॅप ग्रीन, यलो ऑकर, बर्न्ट सिएना, बर्न्ट अंबर आणि चायनीज व्हाइट. यातल्या बऱ्याच नावांपुढे 'ह्यू' हा शब्द असतो. म्हणजे मूळ महागड्या रंगद्रव्याऐवजी त्याच्यासारखी छटा देणारं स्वस्त द्रव्य वापरलं आहे. विद्यार्थ्यांसाठीच्या श्रेणीत हे चालतंच, त्यात फसवणूक नाही. पण व्हिरिडियन ह्यू हे नाव लक्षात ठेवा. ते खऱ्या व्हिरिडियनसारखं सौम्य नसून थॅलो ग्रीन आहे. ब्रशाच्या टोकाला लागलेला एक ठिपका अख्ख्या खळग्याला हिरवं करतो आणि कागदावर बसला की पाण्याने उचलला जात नाही.

पेटी भरणाऱ्याच्या डोळ्यासमोर निळा समुद्र असणार. आपला समुद्र वर्षातले फार थोडे दिवस निळा असतो. खाडीच्या मुखाशी तो गढूळ हिरवट, जुलैत शिशासारखा करडा, मे महिन्याच्या दुपारी क्षितिजाजवळ जवळजवळ पांढरा. गंमत म्हणजे ज्याच्या नावाने ही मालिका आहे तो चित्रकार जॉन सेल कॉटमन इंग्लंडमधल्या नॉरिचचा, आणि १८१२ ते १८२३ अशी अकरा-बारा वर्षं ग्रेट यार्मथ या बंदरात राहिलेला. उत्तर समुद्राचे करडे रंग रोज पाहणारा माणूस. त्याच्या नावाच्या पेटीत करड्यासाठी एकही तयार वडी नाही. तशी गरजही नाही म्हणा, कारण करडा कालवण्यात जी मजा आणि विविधता आहे ती तयार वडीत नसते.

तर बदल असे. चायनीज व्हाइट काढा. हा झिंक व्हाइट आहे, ओला असताना झाकल्यासारखा वाटतो आणि वाळला की विरून जातो, त्यामुळे लाटेच्या फेसाला निरुपयोगी. त्याच्या जागी इंडिगो घाला. बर्न्ट अंबर काढून लाइट रेड घाला. जांभ्याचा कडा, कौलं, चिऱ्यांचे गडगे या सगळ्यांना तो लागतो. आणि अल्ट्रामरीनमध्ये थोडासा मिसळला तर पावसाळी ढगाचा उबदार, किंचित रवाळ करडा मिळतो. सॅप ग्रीन काढून रॉ सिएना घाला. माडाच्या झावळ्या सॅप ग्रीनने रंगवल्या की चित्र कॅलेंडरसारखं दिसायला लागतं. यलो ऑकरमध्ये अल्ट्रामरीन मिसळून येणारा धुरकट हिरवा माडाला जास्त खरा. श्रावणातल्या भातखाचरांची पोपटी हिरवळ हवी असेल तर लेमन यलोत व्हिरिडियनचा कणभर स्पर्श पुरतो. रॉ सिएना पारदर्शक आहे, त्यामुळे ओल्या वाळूसाठी यलो ऑकरपेक्षा सरस. हे तिन्ही रंग कॉटमनमध्येच मिळतात. वड्या पेटीतून उपसून काढता येतात. नखाने जमत नसेल तर बोथट सुरीच्या टोकाने एका कडेने उचला.

सुट्या वड्या मिळत नसतील तर रिकामे हाफ पॅन घेऊन ट्यूबमधून भरा. एका हाफ पॅनमध्ये साधारण २ मिली रंग बसतो, म्हणजे ५ मिलीच्या ट्यूबमध्ये दोन पॅन होतात आणि थोडा रंग उरतो. एकाच दमात काठोकाठ भरायचा मोह टाळा. आधी चारही कोपऱ्यांत रंग दाबून घ्या, मग मध्ये, पॅन अर्धा भरेपर्यंत. दिवसभर वाळू द्या, मग दुसरा थर, मग तिसरा. वरून कवच धरतं आणि आत रंग ओला राहतो, म्हणून घाई केली की महिन्याभराने पृष्ठभाग मधोमध खचतो. प्रत्येक ट्यूबचा रंग पॅनमध्ये नीट बसेल असंही नाही. काही रंग वाळून तडकतात आणि वडी पेटीत खुळखुळते. पुण्या-सोलापूरकडे असे रंग भरताना ग्लिसरीनचा एक थेंब घालतात. कोकणात तो घालू नका. ग्लिसरीन हवेतली ओल ओढतं, आणि इथे ओढायला ओल भरपूर आहे. याच कारणासाठी मधाचं प्रमाण जास्त असलेले परदेशी जलरंग किनाऱ्यावर त्रास देतात: रंग सुरेख, पण वडी पूर्ण वाळतच नाही आणि पेटी आडवी झाली की शेजारच्या कप्प्यात ओघळते. कॉटमनची कडक वडी इथे गुणाची ठरते.

आतला ब्रश पोस्टकार्डापुरता ठीक. समुद्राला लांब, न तुटणारा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग थर लागतो आणि हा ब्रश दोन इंचांत कोरडा पडतो. ८ किंवा १० नंबरचा टोकदार गोल ब्रश आणि पाऊण इंची चपटा ब्रश वेगळे घ्या. ब्रश काढल्यावर मधली खाच रिकामी होते, तिथे दोनेक जादा हाफ पॅन बसवता येतात. काढलेला बर्न्ट अंबर तिथे राहू द्या, होड्यांच्या लाकडाला लागतो. पाणी भरलेल्या नळीचे वॉटर ब्रश प्रवासात सोयीचे वाटतात, पण दाब सारखा राहत नाही. क्षितिजाच्या रेषेवर नेमका नको तेव्हा पाण्याचा थेंब उतरतो.

झाकणातले खळगे ही या पेटीची खरी मर्यादा. नवीन असताना त्यांच्यावर रंग थेंबाथेंबाने आक्रसतो, पसरत नाही. टूथपेस्ट लावून कापडाने हलकेच घासलं की गुळगुळीतपणा मोडतो आणि रंग एकसंध बसायला लागतो. पण आकार छोटा तो छोटाच. ए-५ कागदापर्यंत निभावतं. ११ बाय १५ इंचांच्या पाव शीटवर आकाश टाकायचं असेल तर खळग्यातला रंग अर्ध्यात संपतो, आणि दुसऱ्यांदा कालवलेली छटा पहिल्याशी कधीच जुळत नाही. तोवर पहिल्या वॉशची कड वाळलेली असते ती वेगळीच. घरातली पांढरी चिनी मातीची बशी किंवा इनॅमलची थाळी बरोबर ठेवा, वजन सोसेल तेवढी.

आता प्रत्यक्ष कालवण. खाडीच्या मुखाचं पाणी: व्हिरिडियनचा कण, भरपूर रॉ सिएना, थोडा अल्ट्रामरीन. जुलैचा समुद्र: इंडिगो आणि बर्न्ट सिएना, पाणी जास्त, क्षितिजाशी इंडिगो वाढवा, किनाऱ्याकडे येताना सिएना, कारण लाट वाळू ढवळून आणते. जांभा: लाइट रेडवर ओल्यातच अलिझरिनचे ठिपके, सावलीत अल्ट्रामरीन. भरतीने भिजलेला काळा कातळ हा सगळ्यात फसवा. तयार काळ्या रंगाने तो चित्राला पडलेल्या भोकासारखा दिसतो. व्हिरिडियन आणि अलिझरिन घट्ट कालवले की जवळजवळ काळा पण जिवंत रंग मिळतो, आणि प्रमाण थोडं हललं की तोच शेवाळी किंवा जांभळट होतो. रत्नागिरीत मांडवीच्या काळ्या वाळूला हेच मिश्रण पातळ करून वापरा, थोडा लाइट रेड टाकून. त्याच गावातल्या पांढऱ्या समुद्राकडे मात्र वाळू बहुतेक कागदानेच रंगवायची असते, रॉ सिएनाचा नुसता वास द्यायचा.

फेसासाठी कागद पांढरा राखणं हाच खरा उपाय. खरबरीत कागदावर जवळजवळ कोरडा ब्रश आडवा धरून झपकन ओढला की रंग उंचवट्यांवर लागतो आणि खळगे पांढरे राहतात. फुटणारी लाट तशीच दिसते. कागद पांढरा राखायला लावतात ते मास्किंग फ्लुइड उन्हात वापरू नका. ते रबरी द्रव्य तापलं की कागदाला चिकटतं आणि काढताना कागदाची सालपटं घेऊन येतं. अगदीच राहिलं तर पांढऱ्या गुआशची, म्हणजे अपारदर्शक जलरंगाची, छोटी ट्यूब.

कागद ३०० जीएसएमच्या खाली नको आणि जमल्यास शंभर टक्के कॉटन, चारही कडांनी डिंकाने बांधलेला ब्लॉक. पेटीवर वाचवलेले पैसे इथे घाला. विद्यार्थ्यांचे रंग चांगल्या कागदावर जितके खुलतात तितके भारी रंग स्वस्त कागदावर खुलत नाहीत. दमट हवेत कागदाचं सायझिंग, म्हणजे पाणी पटकन शोषलं जाऊ नये म्हणून दिलेली खळ, हळूहळू बिघडते. मग वॉश टाकला की मध्येच गडद ठिपके उमटतात, जणू कागदाला घामोळं आलंय. असा कागद दुरुस्त होत नाही. एका पावसाळ्याला लागेल तेवढाच आणा आणि सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद पिशवीत ठेवा.

वाळण्याचा वेळ ऋतूप्रमाणे पार बदलतो. मे महिन्यात ए-५चा वॉश पाच-सात मिनिटांत वाळतो, जुलैत अर्धा तासही लागतो. अर्धवट ओल्यावर दुसरा हात दिला की फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे डाग उठतात. कागदाच्या पाठीला मनगटाची आतली बाजू लावून पाहा. गार लागला तर अजून ओला आहे. पावसाळी ढगांना मात्र हाच दमटपणा वरदान: कडा विरघळवायला हवा तेवढा वेळ मिळतो.

पाणी गोडंच वापरा, दोन डब्यांत, प्रत्येकी २०० मिली, एक ब्रश धुवायला आणि दुसरा रंग कालवायला. समुद्राच्या पाण्याने समुद्र रंगवायची कल्पना रोमँटिक आहे, पण वाळलेलं मीठ कागदात राहतं, दर पावसाळ्यात ओल ओढतं आणि चित्राला बुरशीचं निमंत्रण देतं.

जागा आणि वेळेचं थोडं. पहाटे जमिनीकडून मतलई वारे असतात आणि हवा शांत असते. ऊन चढलं की खारे वारे सुरू होतात आणि ओल्या वॉशवर वाळू बसते. ती ओली असताना पुसू नका, वाळल्यावर झटका. आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, म्हणून सकाळी प्रकाश पाठीमागून येतो आणि पाण्याचा खरा रंग दिसतो. संध्याकाळी समोर नुसती चांदी. कागद मात्र नेहमी सावलीत हवा. उन्हात तो इतका झगमगतो की रंग फिके वाटतात, हात जड होतो, आणि घरी आल्यावर चित्र काळवंडलेलं निघतं.

ओल्या वाळूतलं सूर्यास्ताचं प्रतिबिंब हवं असेल तर पंचांग पाहून निघा. कोळ्यांचा हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमा-अमावस्येला पंधरा धरून सव्वाअकराच्या सुमारास. हा हिशेब ढोबळ आहे, आणि दक्षिणेकडे भरती थोडी आधी येते. म्हणजे पौर्णिमेच्या किंवा अमावस्येच्या आसपास संध्याकाळी ओहोटी असते, आणि उधाणाचे दिवस असल्याने पाणी मागेही खूप हटतं. अष्टमीच्या संध्याकाळी त्याच जागी लाटा पायाशी असतील.

टिकण्याच्या बाबतीत प्लास्टिकची पेटी इथे पत्र्याच्या डब्यापेक्षा बरी. पत्र्याचं इनॅमल बिजागरीपाशी उडतं आणि खाऱ्या हवेने तिथून गंज धरतो. प्लास्टिकचा दोष असा की बिजागरीत वाळू अडकल्यावर जोर लावून झाकण मिटलं तर ती तुटते. मिटण्याआधी कोरड्या ब्रशने झटका. घरी आल्यावर पेटी रात्रभर उघडी ठेवा, पंख्याखाली. ओल्या वड्यांवर झाकण लावलं की पावसाळ्यात आठवड्याभरात पांढरी बुरशी येते. वरवरची असेल तर ओल्या कापडाने खरवडून काढा आणि वडी पूर्ण वाळवा. खोलवर गेली असेल, वास येत असेल, तर ती वडी फेकून द्या, नाहीतर ब्रशावाटे बाकीच्या अकरांनाही लागेल.

किंमत दुकानागणिक आणि सवलतीगणिक इतकी बदलते की आकडा देण्यात अर्थ नाही. बारा सुट्या वड्यांची बेरीज करून पाहा, पेटी बहुधा स्वस्त पडते. गावातच राहून पाव शीटच्या वर काम करणाऱ्याने मात्र ही घेऊ नये. त्याला कॅमलच्या आर्टिस्ट श्रेणीतल्या ट्यूब आणि मोठी पॅलेट हाच व्यवहार बरा, आणि त्या ट्यूब तालुक्याच्या गावीही मिळू शकतात. एसटीने हर्णैला उतरून, मासळीचा लिलाव संपायच्या आत दोन होड्या आणि मागचा सुवर्णदुर्ग टिपून परतायचं असेल, तर ही पेटी.