स्टॉलच्या फोकस-संचाचा हंगामभराचा अनुभव: उजेड अव्वल, पिन भिकार

खनिजांच्या स्टॉलवर लावायचा सहा एलईडी दिव्यांचा (फोकसचा) हा संच मी हंगामभर वापरला. तक्रार आधी लिहितो, कारण सगळा वैताग तिथंच आहे. या संचासोबत येणाऱ्या ॲडाप्टरचा प्लग २.५ मिमीचा आहे आणि फोकसच्या पट्टीवरच्या सॉकेटमधली मधली पिन २.१ मिमीची. बाहेरचं माप दोन्हींचं ५.५ मिमी, त्यामुळे प्लग आत जातो, दिवे लागतात आणि घेणाऱ्याला वाटतं की सगळं बरोबर आहे. प्रत्यक्षात मधल्या पिनेभोवती फट राहते आणि संपर्क एकाच बाजूनं, जेमतेम टेकलेला असतो. टेबलाला धक्का लागला की सहाच्या सहा फोकस लुकलुकतात.

खनिजांच्या प्रदर्शनात टेबलाला धक्का लागणारच. गर्दी टेबलाला रेलते, कोणी पिशवी टेकवतो, लहान पोरं खालचा कपडा ओढतात. गिऱ्हाईक दहापट भिंगातून अपोफिलाइट या स्फटिक खनिजाचं टोक तुटलेलं आहे का ते पाहत असतो आणि नेमका तेव्हाच उजेड जातो. परत आला तरी त्याची नजर उखडलेली असते. तो तुकडा खाली ठेवतो आणि पुढच्या स्टॉलवर जातो. पाच हजार दोनशे रुपयांच्या संचात पंधरा-वीस रुपयांच्या प्लगनं धंदा घालवावा, हे मला अजूनही पटत नाही.

आता बाकीचं. स्पेक असे: सात-सात वॅटचे सहा फोकस, लवचिक मान, १२ व्होल्ट ५ अँपिअरचा ॲडाप्टर, सीआरआय (रंग किती खरे दिसतात याचा शंभरपैकी आकडा) ९० च्या वर. वापर सगळा झिओलाइट (ह्युलँडाइट, स्टिल्बाइट ही त्यातलीच स्फटिक खनिजं) आणि गारगोट्यांच्या स्टॉलवर, उरलेला वेळ बुलडाणा जिल्ह्यातल्या टिनाच्या खोलीत, जिथं खदानीतून आलेला माल धुऊन, छाटून, डब्यात बसवला जातो. उन्हाळा, पावसाळा आणि कापसाचा हंगाम असं सगळं या दिव्यांनी पाहिलं आहे.

उजेडाबद्दल एक शब्द वाईट बोलता येत नाही. साध्या बाजारू एलईडीत सीआरआय ८० च्या आसपास राहतो आणि गडद लाल रंग दाखवायची ताकद, म्हणजे आर-९, फारच कमी. त्याखाली लाल ह्युलँडाइट विटकरी दिसतो आणि पीच रंगाचा स्टिल्बाइट मळकट. या फोकसखाली दोन्हींचा रंग उन्हात दिसतो तसाच दिसतो. मला याचं मोल जास्त वाटतं, कारण गिऱ्हाईक तुकडा घरी नेऊन खिडकीत ठेवतो. तिथं रंग उतरलेला दिसला तर पुढच्या वर्षी तो आपल्या स्टॉलवर येत नाही. ६५०० केल्विनचा निळसर दिवा लावून हिरवा अपोफिलाइट आणखी हिरवा करून विकणारे आहेत. मला ते मान्य नाही. व्हॅनेडियममुळे आलेला तो हिरवा मुळातच पुरेसा देखणा आहे.

रंगतापमानाबद्दलचं (केल्विनचा आकडा जास्त तितका उजेड निळसर, कमी तितका पिवळट) माझं मत पावसाळ्यानंतर बदललं आहे. आधी मी सगळ्यांना सांगत होतो की सहाही फोकस ५००० केल्विनचे मागवा. वाघोलीच्या कॅव्हन्साइट या निळ्या खनिजासाठी ते आजही खरं आहे. तो गर्द निळा पिवळट उजेडात काळपट पडतो. पण मिश्र मालाच्या टेबलावर ५००० केल्विनच्या उजेडात स्टिल्बाइट आणि स्कोलेसाइट फिक्के, दवाखान्यात ठेवल्यासारखे दिसतात. आता चार फोकस ४००० चे आणि दोन ५००० चे अशी विभागणी ठेवतो. दोन्ही जातींचे दिवे मात्र शेजारी-शेजारी लावायचे नाहीत. डोळा एका पांढऱ्याला सरावतो आणि दुसरा लगेच पिवळा किंवा निळा वाटू लागतो. निळा-हिरवा माल टेबलाच्या एका टोकाला, तिथंच ५००० चे दोन, आणि मध्ये हातभर जागा बिनरंगी क्वार्ट्‌झ किंवा काल्सेडनीला द्यायची.

लेन्स (उजेड किती पसरेल ते हिच्यावर ठरतं) २४ अंशांची आणि ३८ अंशांची, दोन्ही मिळतात. ४५ सेंमी उंचीवरून २४ अंशांचा गोल साधारण १९ सेंमीचा पडतो, म्हणजे एका मोठ्या तुकड्यापुरता. ६० सेंमी उंचीवरून ३८ अंशांचा गोल ४१ सेंमीचा पडतो. सहा फुटी टेबलावर ३८ चे सहा फोकस फूट-फूट अंतरावर लावले की गोल एकमेकांवर चढतात आणि मध्ये अंधारी जागा राहत नाही. सगळे २४ चे घेतले तर टेबलावर ठिपके ठिपके दिसतात आणि ठिपक्याबाहेरचा माल कोणी हातात घेत नाही. पॅनेलसारखा पसरट उजेड यापेक्षा स्वस्त पडतो हे खरं, पण त्याखाली अपोफिलाइटच्या वरच्या सपाट पैलूवरची मोत्यासारखी चमक मरते. चमक पाहिजे तर उजेड बारीक, एका ठिकाणाहून आलेलाच लागतो.

काळ्या मालाला वरचा उजेड चालत नाही. भंडाऱ्याकडच्या चिखला, डोंगरी बुजुर्ग या खाणींतलं मँगनीज, त्यातलं ब्राउनाइट वगैरे, वरच्या उजेडात नुसता काळा दगड दिसतं. दोन फोकस दोन्ही बाजूंनी खाली वाकवून टेबलाच्या जवळपास समांतर मारले की पैलू उठून येतात. मान लवचिक असल्यानं हे जमतं. जीवाश्मांनाही हीच रीत. चंद्रपूर, उमरेडच्या कोळसा पट्ट्यातल्या खडकांत ग्लॉसोप्टेरिस या नामशेष वनस्पतीच्या पानांचे ठसे असतात. वरून उजेड टाकला तर पान दिसत नाही. एकाच बाजूनं, १५-२० अंशांवरून टाकला की मधली शीर आणि जाळी सावलीनं उभी राहते. मोरोक्कोचे ट्रायलोबाइट (प्राचीन समुद्री जीवांचे जीवाश्म) मांडणाऱ्यांनीही असंच करावं. मादागास्करचा पॉलिश केलेला अमोनाइट (शंखासारखा वळलेला जीवाश्म) मात्र उलट आहे. त्याला थेट फोकस मारला की एक पांढरा झळाळ दिसतो आणि रंग हरवतात. तिथं दिव्यावर बटर पेपर लावावा.

संचाला पंखा नाही, नुसती ॲल्युमिनियमची पाती आहेत. घेताना ही बाब कोणी पाहत नाही, पण मला सगळ्यात जास्त समाधान हिनंच दिलं. ओकेनाइटचे पांढरे गोळे म्हणजे केसांपेक्षा बारीक तंतूंचा पुंजका. बोट लागलं की तंतू दबतात आणि परत उभे राहत नाहीत. धुता येत नाही, ब्रश चालत नाही. दिव्याच्या पंख्याचा वारा त्यावर सतत धूळ आणून टाकतो. आमच्याकडे कापूस वेचणीपासून जिनिंग चालू असेपर्यंत हवेत रुईचे तंतू उडत असतात. असा एक तंतू ओकेनाइटवर बसला की पांढऱ्यात पांढरा मिसळतो. उघड्या डोळ्याला दिसत नाही, भिंगाखाली गिऱ्हाइकाला पहिला तोच दिसतो. तो काढायला टोकदार चिमटा आणि श्वास रोखून धरलेला माणूस लागतो. पंखा नसलेला दिवा घ्या, आणि रुईच्या दिवसांत ओकेनाइट ॲक्रिलिकच्या झाकणाखालीच ठेवा. पात्यांमध्येही रुई साचते. कोरड्या रंगाच्या ब्रशनं पंधरवड्यातून एकदा झाडावी, नाहीतर पाती गरम होतात आणि दिव्याचं आयुष्य घटतं.

दिवे कमी तापतात याचा दुसरा फायदा लॉमोन्टाइटला. या खनिजातलं पाणी कोरड्या हवेत नुसतं ठेवलं तरी उडतं, मग ते पांढरं, खडूसारखं होतं आणि भुगा पडतो. जुने ५० वॅटचे हॅलोजन त्याला एका दिवसात संपवत. या फोकसखाली ते टिकतं, असं मी म्हणणार नाही. मे महिन्यात अकोल्या-चंद्रपूरकडं पारा ४५ च्या वर जातो तेव्हा लॉमोन्टाइट सीलबंद डब्यातच पाहिजे. पण दिवा त्याच्या नाशात भर घालत नाही, एवढं नक्की. शिवाय सहा हॅलोजन म्हणजे ३०० वॅट, हा संच ॲडाप्टरची घट धरून पन्नासेक वॅट. हॉलमध्ये स्टॉलला बहुतेक एकच सॉकेट राहतो आणि जास्तीच्या वॅटचे वेगळे पैसे लागतात. तिथं हा संच दर शोमध्ये पैसे वाचवतो.

परदेशी खनिज-प्रदर्शनांना (जर्मनीतलं म्युनिक, अमेरिकेतलं टक्सन) नेणाऱ्यांसाठी: ॲडाप्टरवर १००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्‌झ लिहिलेलं आहे, त्यामुळे म्युनिकच्या २३० व्होल्टवरही चालतो आणि टक्सनच्या १२० व्होल्टवरही. फक्त पिनांचा बदल लागतो. टक्सनला बरेच विक्रेते मोटेलच्या खोल्यांतच दुकान मांडतात, तिथले सॉकेट भिंतीत खाली असतात. वायर कमी पडते, आणि ती वाढवताना सगळे एकच चूक करतात. १२ व्होल्टची बाजू बारीक वायरनं लांबवू नका. ०.५ चौरस मिमीच्या पाच मीटर वायरमध्ये साडेतीन अँपिअरला सव्वा ते दीड व्होल्ट वायरमध्येच खर्च होतो आणि फोकस मंदावतात. लांबवायचीच असेल तर १.५ चौरस मिमीची वायर घ्या, त्यात अर्धा व्होल्टच जातो. त्याहून चांगलं म्हणजे एक्स्टेन्शन बोर्ड मुख्य वीजेच्या बाजूला लावा आणि १२ व्होल्टची वायर आखूडच ठेवा.

सोबतचा डिमर (उजेड कमी-जास्त करायचं बटण) काढून टाका. पूर्ण उजेडावर मोबाईलच्या फोटोत पट्टे दिसत नाहीत, पण डिमर खाली फिरवला की तो दिवा भराभर चालू-बंद करून उजेड कमी करतो. डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्यात मात्र काळे पट्टे येतात. आजकाल अर्धं गिऱ्हाईक आधी फोटो काढून घरच्यांना पाठवतं. पट्ट्यांचा फोटो पाहून कोण हो म्हणेल? उजेड कमी करायचा तर फोकस वर सरकवा.

आता पुन्हा पिनेकडे. कंपनीला कळवलं तर पहिलं उत्तर, "सर, प्लग पूर्ण आत दाबा." व्हर्नियर (बारीक मापं घ्यायचं साधन) लावून दोन्ही मापांचे फोटो पाठवले तर बदली ॲडाप्टर आला, तोही २.५ चाच. तिसऱ्यांदा सांगण्यात आलं की सॉकेट सैल झालाय, म्हणजे फिजिकल डॅमेज, वॉरंटीत बसत नाही. सॉकेट सैल होणारच ना! सैल संपर्कात ठिणगी उडते, पिनेवर काजळी बसते, काजळीनं रोध वाढतो, प्लग हाताला गरम लागू लागतो आणि प्लास्टिक मऊ पडतं. हे चुकीच्या मापामुळे झालं, वापरामुळे नाही. वरून परत पाठवायला कुरिअर आमच्या पिनकोडवर येत नाही. संच जिल्ह्याच्या गावी स्वतः नेऊन द्यायचा. गावाकडचं गिऱ्हाईक पैसे तेवढेच देतं, मग सेवा अर्धी का, हा माझा सरळ प्रश्न आहे.

दुरुस्ती सोपी आहे, पण क्रम पाळा. घेतलेल्या संचाचा प्लग कोणता ते आधी तपासा: २.३ किंवा २.४ मिमीचं ड्रिल बिट हातानं प्लगच्या भोकात घालून पाहा. गेलं तर २.५ चा, अडलं तर २.१ चा. २.१ चा प्लग नागपुरात सीताबर्डीच्या इलेक्ट्रॉनिक्स दुकानांत सहज भेटतो. जुना प्लग चार बोटं वायर ठेवून कापा. नव्या प्लगचं झाकण आणि हीट-श्रिंकची (गरम केल्यावर आवळून बसणारी) नळी वायरीवर आधी चढवा, नंतर सोल्डर करा. उलट केलं तर सगळं परत सोडवावं लागतं. मधल्या पत्रीला अधिक, बाहेरच्या पत्रीला उणे. फोकस जोडण्याआधी मल्टिमीटरनं पाहा, १२ व्होल्ट आणि मध्ये अधिक आलंच पाहिजे. उलट जोडला तर फोकस जळू शकतात. सॉकेटची पिन काळी पडली असेल तर बारीक पॉलिश पेपर काडीला गुंडाळून घासा, आणि डगडगत असेल तर सॉकेटही बदला. वायर टेबलाच्या पायाला केबल टायनं बांधा म्हणजे ओढ प्लगवर येत नाही. हे केल्यापासून लुकलुक पूर्ण थांबली आहे. ॲडाप्टरची वॉरंटी अर्थातच गेली, पण त्या वॉरंटीनं दिलं काय होतं?

संच १२ व्होल्टचा असल्याचा एक फायदा जाहिरातीत कुठंच लिहिलेला नाही. भारनियमनात हा संच फवारणीच्या बॅटरी पंपावर चालतो. पंपातली १२ व्होल्ट ८ अँपिअर-अवरची बॅटरी बाहेर काढा, अधिकच्या वायरीत ५ अँपिअरचा फ्यूज टाका, २.१ चा प्लग लावा. सहाही फोकस दीड तास, तीनच लावले तर तीन तासांहून थोडं जास्त निघतात. उजेड मंद पडू लागला की बंद करा, बॅटरी पार रिकामी केली तर ती पुन्हा पूर्ण भरत नाही. चार्जर लावलेला असताना फोकस चालवू नका. तेव्हा व्होल्टेज १४ च्या वर जातं आणि दिवे तापतात. तालुक्याच्या मंडपात ऐन संध्याकाळी वीज गेली की शेजारचे स्टॉल मोबाईलचा टॉर्च दाखवतात आणि या टेबलावर गर्दी होते.

मान सैल पडायला लागली आहे. वरच्या टोकाच्या दोन फोकसची जास्त, कारण ते आडवे वाकवलेले राहतात. नट आवळून तात्पुरतं भागतं. क्लॅम्प १९ मिमीच्या प्लायवर पक्का बसतो, मंडपवाल्याच्या लोखंडी पाइपवर घसरतो. सायकलच्या ट्यूबचा तुकडा मध्ये घातला की धरतो.

दुसरा संच घ्यायचा आहे, याच फोकसचा. पण फोकस, पट्टी आणि क्लॅम्प सुटे मिळाले तरच. ॲडाप्टर बाजारातला घेईन: १२ व्होल्ट, ५ अँपिअर, प्लग २.१. कंपनीला सुट्या विक्रीबद्दल लिहिलं आहे. उत्तर आलं आणि त्यात पिनेचं माप लिहिलेलं असलं, तर इथंच खाली टाकतो.