प्लास्टिकच्या यानातली स्वस्त रोषणाई: दिवाळी ते श्रावण

अंतराळयानाचं मॉडेल साधारण तीस सेंटिमीटर लांबीचं, स्नॅप-फिट, म्हणजे भाग गोंदाशिवाय एकमेकांत दाबून बसवायचे. आत तांब्याच्या तारेची २० एलईडींची माळ, दिवाळीच्या सुमारास ठाण्यातल्या जांभळी नाक्यावर ढिगाने मिळते ती. खिडक्यांना ०.५ मिलिमीटरचा ऑप्टिकल फायबर, म्हणजे उजेड वाहून नेणारा पारदर्शक धागा. सोल्डरिंग आयर्न घरात असेल तर रोषणाईचं सगळं तीनशे रुपयांच्या आत बसतं. रोज दोनेक तास चालवून, ठाण्याचा पावसाळा धरून, नऊ महिन्यांत एकही एलईडी गेलेला नाही. त्रास दिला तो बॅटरीने, तारेच्या सांध्याने आणि प्लास्टिकमधून झिरपणाऱ्या उजेडाने.

आधी बॅटरी. माळेसोबत येणाऱ्या डबीत सीआर२०३२ चे, म्हणजे नाण्यासारखे चपटे, दोन सेल असतात. एका सेलची क्षमता जेमतेम २२० मिलिअँपिअर-तास, आणि दोन सेल एकामागे एक जोडले की व्होल्टेज वाढतं, क्षमता तेवढीच राहते. माळ पहिल्या तासातच मंदावते. वर जुलैच्या दमटपणात डबीच्या पत्र्यांवर हिरवट थर चढतो. डबी सरळ कापून टाकावी आणि जुन्या मोबाइल चार्जरचे ५ व्होल्ट द्यावेत. पॉवर बँक मात्र इथे कामाची नाही. एवढासा करंट तिच्या खिजगणतीतच नसतो, काहीच जोडलेलं नाही असं समजून ती अर्ध्या मिनिटात बंद होते.

माळ थेट ५ व्होल्टला जोडू नये. पांढऱ्या एलईडीला ३ व्होल्ट लागतात, उरलेले २ रेझिस्टरवर, म्हणजे करंट रोखणाऱ्या छोट्या भागावर, घालवायचे. १२ एलईडी ठेवून बाकीची माळ कापली, तर ४७ ओहमचा पाव वॅटचा एक रेझिस्टर पुरतो. एकूण करंट ४० मिलिअँपिअरच्या आसपास, म्हणजे प्रत्येक एलईडीला साडेतीन. फुटावरून बघायच्या मॉडेलला हा उजेड भरपूर आहे.

इंजिनात लाल एलईडी लावायचा मोह सगळ्यांनाच होतो आणि तिथेच घोळ होतो. लाल एलईडी दोन व्होल्टच्या आसपासच पेटतो. तो त्याच माळेत समांतर जोडला की सगळा करंट तोच ओढतो आणि पांढरे एलईडी विझल्यासारखे होतात. माळ खराब निघाली म्हणून दुकानदाराशी वाद घालण्याआधी हे तपासावं. लालला ४७० ओहमचा वेगळा रेझिस्टर लावून थेट ५ व्होल्टवरून घेतलं की प्रश्न मिटतो. रेझिस्टर, फायबर, टू-पिन कनेक्टर हे सगळं मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात एका फेरीत होतं: ठाण्याहून दादर, तिथे गाडी बदलून ग्रँट रोड. फक्त रविवारी जाऊ नये.

माळेच्या तारेवर वार्निश असतं. ते ब्लेडने खरवडल्याशिवाय सोल्डर धरतच नाही, गोळी होऊन घरंगळतो. पण खरवडलेल्या दोन जागा एकमेकींना टेकल्या की शॉर्ट, त्यामुळे दोन्ही सांधे एकमेकांपासून सेंटिमीटरभर मागेपुढे ठेवावेत.

खरा वेळ जातो तो उजेड अडवण्यात. किटचं पॉलिस्टायरीन प्लास्टिक पातळ असतं. आत एलईडी पेटला की अख्खं यान कंदिलासारखं उजळतं आणि खिडक्या हरवून जातात. आतून काळ्या अ‍ॅक्रिलिक रंगाचे दोन हात, वाळल्यावर वर पांढऱ्याचा एक. काळा उजेड अडवतो, पांढरा तो खिडक्यांकडे परतवतो. स्वयंपाकघरातली अ‍ॅल्युमिनियम फॉइल चिकटवण्याचा सल्ला बरेच जण देतात, पण ती वीज वाहून नेते आणि खरवडलेल्या तारेला लागली की संपलं. यान बंद करण्याआधी अंधाऱ्या खोलीत आत टॉर्च धरून बघावं. जोडरेषांतून हमखास उजेड येतो. तिथे फेव्हिकॉलमध्ये काळा रंग कालवून बारीक ब्रशने भरावा.

फायबरसाठी ०.६ चं ड्रिल, हाताने फिरवायच्या पिन वाइसमध्ये. ०.५ चं भोक रंगानंतर घट्ट होतं. फायबर बाहेरून आत ओवायचा, पण त्याआधी बाहेर राहणाऱ्या टोकाजवळ पेटलेल्या उदबत्तीचा निखारा न्यायचा, टेकवायचा नाही. टोक वितळून टाचणीच्या डोक्यासारखं फुगतं, भोकात अडकून बसतं आणि उजेड बाजूलाही फेकतं. आतून फेव्हिकॉलचा थेंब. सुपरग्लू अजिबात नको, त्याच्या वाफेने पारदर्शक भाग दुधाळ होतात आणि फायबर ठिसूळ होऊन तुटतो. आतली टोकं एकत्र करून ५ मिलिमीटरच्या एलईडीसमोर काळ्या टेपने बांधावीत. टेपऐवजी गरम केल्यावर आवळणारी हीटश्रिंक नळी घेतली, तर ती गरम करताना फायबरच वाकडा होतो.

मोठ्या खिडक्यांमागे माळेचे ठिपके वेगवेगळे दिसतात. मध्ये बटर पेपर आणि एलईडीपासून आठ-दहा मिलिमीटर अंतर, एवढं पुरतं. निळसर पांढरा डोळ्यांना खुपत असेल तर एलईडीवर पिवळ्या ग्लास कलरचा हात द्यावा.

सातव्या महिन्यात उजेड लुकलुकायला लागला. तार स्टँडमधून वर येते तिथे, यान उचलून पुसताना वाकून वाकून तिचा एक पदर तुटला होता. आता जुन्या रेडिओच्या एरियलची नळी स्टँडमध्ये आहे, तिची कड कानशीने घासलेली, यानाच्या आत तारेला गाठ आणि खाली टू-पिन कनेक्टर. वरचं कवच चिकटवलेलं नव्हतं, म्हणून ही दुरुस्ती वीस मिनिटांत झाली.