रथामागच्या एका दिंडीतील वारी: सोयी आणि सोबत

आळंदीहून निघणाऱ्या ज्ञानेश्वर माऊलींच्या पालखी सोहळ्यात यंदा मी प्रथमच रीतसर भिशी, म्हणजे दिंडीच्या खर्चाची वर्गणी, भरून रथामागच्या एका दिंडीत पंढरपूरपर्यंत, म्हणजे सुमारे 250 किलोमीटर, चाललो. चहा-नाश्ता, दोन वेळचे जेवण, तळावरची राहुटी आणि सामान वाहणारा ट्रक एवढे या भिशीत येते. याआधी दोनदा पुणे ते सासवड हा टप्पा सुटा चाललो होतो, त्यामुळे दोन्हींतला फरक मला चांगलाच जाणवला.

सोयींबाबत बोलायचे तर जेवण साधे, गरम आणि पोटभर होते. राहुट्या मात्र जुन्या होत्या. लोणंदच्या तळावर रात्री पाऊस आला तेव्हा आमची राहुटी गळली आणि सगळ्यांची अंथरुणे भिजली. ताडपत्री दुसऱ्या दिवशी आली. ती आळंदीतच ट्रकमध्ये असायला हवी होती. बायकांच्या आंघोळीचा आडोसाही अपुरा होता आणि ही उणीव मला अधिक गंभीर वाटते.

दिंडीत पुढे पताका, मग टाळकऱ्यांच्या ओळी, त्यांच्यामागे मृदंग आणि वीणा, आणि शेवटी डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका असा क्रम असतो. दिवे घाटात माझे पाऊल सारखे चुकत होते, तेव्हा शेजारचे वयस्कर टाळकरी म्हणाले, "माऊली, पायाकडं बघू नका, टाळ ऐका." जेजुरीच्या मुक्कामी पायाला फोड आल्याने मी पंगत उठल्यावर पोचलो. माझे ताट झाकून ठेवले होते आणि पथारी अंथरलेली होती. पंगतीत एक जागा रिकामी दिसताच विणेकऱ्यांनी माझी चौकशी केली होती, असे नंतर कळले.

तळावर समाजआरतीच्या वेळी सोहळ्याची शिस्त सांभाळणाऱ्या चोपदारांनी दंड उंचावला की सगळे टाळ एकदम थांबतात. ज्या दिंडीची तक्रार असेल ती तेवढी वाजवत राहते आणि चोपदार येऊन तिचे म्हणणे ऐकून घेतात. एका संध्याकाळी पाण्याचा टँकर न आल्यामुळे आमची दिंडी वाजवत राहिली. पूर्वी हे मी कडेला उभा राहून पाहिले असते; या वेळी टाळ माझ्याही हातात होता.

एकट्याने वारीला निघणाऱ्यांनी सुटे चालण्याऐवजी दिंडीतच नाव घालावे, असे मी आग्रहाने सांगेन. अंथरूण गुंडाळायला जाड प्लास्टिक मात्र घरूनच न्यावे.