मे महिन्यात श्रीलंकेतल्या बेंतोटाचं बीच पॅकेज घेतलं आणि पायसुद्धा भिजले नाहीत

रिव्ह्यू लिहायला उशीर झाला, पण आता परत मे महिन्याची बुकिंगं सुरू होतील आणि आमच्यासारखं अजून कोणी फसायला नको म्हणून लिहिते. फसणं म्हणजे पैसे बुडाले वगैरे नाही हं, हॉटेल चांगलं होतं, गाडी वेळेवर आली, नाश्त्याला सतरा प्रकार. फक्त ज्यासाठी गेलो तो समुद्र मिळाला नाही.

आम्ही चौघं, मी, नवरा, नऊ वर्षांचा मुलगा आणि सासूबाई, डोंबिवलीहून. आमच्याकडच्याच एका एजंटकडून सात दिवसांचं श्रीलंका पॅकेज घेतलं, त्यात चार रात्री बेंतोटा आणि मिरिसा, दोन्ही दक्षिण-पश्चिम किनाऱ्यावर. नाव लिहीत नाही, माणूस वाईट नाही, पण त्याने ब्रोशरमधले फोटो दाखवले निळ्याशार पाण्याचे आणि आम्ही पण भुललो, कुठल्या महिन्यातले फोटो हे कोण विचारतं. पोचलो तर बेंतोटाला लाल बावटा. लाटा अशा की हॉटेलचा माणूस शिट्टी वाजवून लोकांना गुडघाभर पाण्यातून पण बाहेर काढत होता, आणि संध्याकाळी धो धो पाऊस. मुलगा दोन दिवस स्विमिंग पूलमध्ये. पूल तर डोंबिवलीत पण आहे की!

आता यातली गंमत अशी की हे कळायला हवामानखातं लागत नाही. तिकडे पण नैऋत्य मान्सून आपल्यासारखाच, मेच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत पश्चिम आणि दक्षिण किनाऱ्यावर आदळतो, मध्ये कँडी-नुवारा एलियाचे डोंगर आहेत ते ढग अडवतात आणि पलीकडचा पूर्व किनारा तेव्हा कोरडा ठणठणीत. म्हणजे आपलं महाबळेश्वर चिंब आणि फलटण कोरडं, तेच. डिसेंबर ते मार्चला उलटं, तेव्हा ईशान्य वाऱ्याने पूर्वेकडचा समुद्र खवळतो (तिकडचा पाऊस नोव्हेंबरपासूनच) आणि गॉल-मिरिसाकडे पाणी शांत. जूनमध्ये तारकर्लीला स्कूबाला कोणी जातं का, तसंच हे. एजंटला विचारलं तर म्हणे "मॅडम, मे म्हणजे ऑफ सीझन, म्हणून तर रेट चांगला लागला." हे आधी सांगायचं ना बाबा.

तिसऱ्या दिवशी आमच्या ड्रायव्हरनेच सुचवलं. चाळिशीतला माणूस, इंग्रजी तोडकंमोडकं पण कामापुरतं, मला पहिल्या दिवसापासून अक्का म्हणायचा, मला वाटलं आपल्याकडचं ऐकून शिकला असेल पण सिंहलीत पण मोठ्या बहिणीला अक्काच म्हणतात. भाताला बत आणि दिवसाला दवस, सासूबाई खूश. तर तो म्हणाला अक्का, इथे बसून पाऊस बघण्यापेक्षा पूर्व किनाऱ्यावर त्रिंकोमालीला चला. मिरिसाचं हॉटेल कॅन्सल केलं, एका रात्रीचे पैसे गेले, जाऊ देत म्हटलं. सकाळी सहाला निघालो, दंबुल्लाला जेवलो, हबरणाच्या पुढे जंगलातून रस्ता जातो तिथे रस्त्याच्या कडेला खराखुरा जंगली हत्ती उभा, आणि चारच्या सुमारास त्रिंकोला. लांब आहे, खोटं कशाला सांगू, कोलंबोपासूनच अडीचशे किलोमीटरच्या वर होतं आणि आम्ही तर अजून खालून आलेलो, सासूबाईंची कंबर धरली. पण गाडीचं दार उघडलं आणि वारा नाही, ढग नाही, पाणी असं की बादलीत ठेवलंय.

राहिलो उप्पुवेलीला, त्रिंको गावापासून जवळ. नीलावेली अजून पुढे, तिथला किनारा जास्त लांब-रुंद आणि मोकळा पण संध्याकाळी बाहेर पडून खायला फारसं काही नाही, हॉटेलातच जेवावं लागतं, म्हणून मुलंबाळं आणि म्हातारी माणसं असतील तर मी उप्पुवेलीच म्हणेन. नीलावेलीसमोर पिजन आयलंड आहे, बोटीने दहा-पंधरा मिनिटं, नॅशनल पार्क आहे त्यामुळे बोटीचे वेगळे आणि तिकिटाचे वेगळे, परदेशी माणसाला तिकीट चांगलंच लागतं. सकाळी सातला पोचलो तर मासे दिसले, छोटे काळ्या टोकाचे शार्कसुद्धा (नवरा पाण्यातून ओरडला, शार्क नाही, हाच), दहानंतर मात्र जत्रा. लोक प्रवाळावर उभे राहून सेल्फी काढतात, बघून चीड येते.

त्रिंकोत सासूबाईंचा दिवस म्हणजे कोणेश्वर. कड्याच्या टोकावर महादेवाचं देऊळ, खाली समुद्र, आणि वाटेत फोर्ट फ्रेडरिकमधून जावं लागतं तिथे हरणं मोकळी फिरतात, एका हरणाने आमच्या पिशवीतली केळी पळवली. जुनं देऊळ सतराव्या शतकात पोर्तुगीजांनी पाडलं आणि दगड किल्ल्याला वापरले, गोव्यातली गोष्ट माहीत असणाऱ्याला नवीन नाही. कड्याला एक मोठी भेग आहे, रावणाने तलवारीने कापली म्हणतात. सासूबाईंनी तिथून समुद्राला नमस्कार केला आणि म्हणाल्या, रावण कसाही असो, देवळाची जागा बघून होता.

आणि खाणं! हे कोणी सांगत नाही म्हणून जरा सविस्तर. शाकाहारी असाल तर दक्षिणेकडे पोल सांबोल विचारून खा. दिसते आपली ओल्या खोबऱ्याची लाल चटणी, पण तिच्यात बहुतेक वेळा मालदीव फिश म्हणजे वाळवलेला मासा कुटून घातलेला असतो. सासूबाईंनी बेंतोटाला दोन दिवस आवडीने खाल्ली, तिसऱ्या दिवशी कळलं, पुढचं सांगत नाही. त्रिंकोत तमिळ वस्ती भरपूर, शुद्ध शाकाहारी खानावळी मिळतात, डोसा, वडा, केळीच्या पानावर भात-सांबार. स्ट्रिंग हॉपर्स म्हणजे आपले मालवणी शिरवाळेच, फक्त नारळाच्या गोड रसाऐवजी डाळ आणि नारळाच्या दुधाची पातळ आमटी. मी मूळची कुडाळची, मला तर माहेरी आल्यासारखं झालं. मासे खाणाऱ्यांनी अंबुल थियल घ्या, ट्यूना असतो, आंबटपणाला गोरका घालतात, तो आपल्या कोकमाचा चुलतभाऊ.

एक अजून. मेच्या पौर्णिमेला त्यांचा वेसाक, म्हणजे आपली बुद्धपौर्णिमा. घराघरांवर कंदील, रस्त्यात गाड्या थांबवून फुकट जेवण, सरबत वाटतात, त्याला दन्सल म्हणतात. आम्ही परतीच्या वाटेवर तीन ठिकाणी खाल्लं, नाही म्हणूच देत नाहीत. दारूची दुकानं बंद, दर पौर्णिमेलाच बंद असतात, नवऱ्याचं तोंड बघण्यासारखं होतं.

यंदा फेब्रुवारीत परत गेलो, या वेळी एजंट नाही, फक्त तोच ड्रायव्हर आणि तेही चारच दिवस, बाकी आगगाडी. कोलंबो फोर्टहून गॉलची ट्रेन पकडा, उजवीकडची खिडकी, रूळ अक्षरशः पाण्याला लागून जातात. हिक्कडुवाच्या जरा आधी पेरलिया येतं, 26 डिसेंबर 2004 च्या सुनामीत तिथेच भरलेली ट्रेन वाहून गेली, हजाराहून जास्त माणसं. डब्यातल्या एका आजीने बोट दाखवलं आणि मग कोणी काही बोललं नाही थोडा वेळ.

गॉलचा किल्ला मात्र पूर्ण संध्याकाळ ठेवा. आपले किल्ले ओसाड, इथे आत लोक राहतात, शाळा सुटते, तटावर पोरं पतंग उडवतात, पलीकडे क्रिकेट स्टेडियम दिसतं. उनवटुना जवळच, मुलाला तिथली रुमस्सल टेकडी दाखवली, हनुमानाने द्रोणागिरी नेताना तुकडा पडला तो हा म्हणतात, पण बीच म्हणून मला उनवटुना ठीकच वाटलं, किनारा अरुंद आणि हॉटेलांच्या खुर्च्या पाण्याला टेकलेल्या. मिरिसाला निळा देवमासा दिसला, दोनदा शेपूट वर आली, पण बोट साडेसहाला सुटते आणि अर्धी बोट उलट्या करत होती, गोळी आदल्या रात्रीच घ्या. सात-आठ बोटी त्या एका जिवाच्या मागे लागलेल्या, ते काही आवडलं नाही. काठीवर बसून मासे पकडणारे कोळी कोग्गलाजवळ दिसतील, फोटो काढलात की पैसे मागायला येतात, बहुतेक त्याच कामाला बसलेले.

सगळ्यात जास्त रमलो ते मिरिसाजवळच्या वेलीगमला. वेली म्हणजे वाळू, गम म्हणजे गाव, वाळूचं गाव. लाटा लहान आणि खाली मऊ वाळू, त्यामुळे शिकाऊ सर्फिंगला बेस्ट, मुलगा तिसऱ्या दिवशी उभा राहिला बोर्डवर, नवरा अजून नाही. स्वस्त पण मिरिसापेक्षा. संध्याकाळी मडक्यातलं म्हशीचं दही आणि वर किथुलचा (तिकडचा एक माड) काकवीसारखा पाक, रोज खाल्लं.

तर एजंटला दोन स्टार, ते पण हॉटेलच्या नाश्त्यासाठी. त्रिंकोला पाच, पण मे ते सप्टेंबरच. वेलीगमला साडेचार, डिसेंबर ते मार्च. दिवाळीच्या सुट्टीत विचारताय तर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दोन्हीकडे पाऊस असतो, तेव्हा आतल्या भागातलं सिगिरिया-कँडी करा, समुद्राच्या नादी लागू नका. ड्रायव्हरचा नंबर सगळे विचारतात, त्याला न विचारता इथे टाकणार नाही. विचारलंय, वेसाकची सुट्टी संपली की सांगतो म्हणालाय.