चिठ्ठीशिवाय ‘नाही’ म्हणणारे अशोक चौकाजवळचे मेडिकल

सोलापुरात मेडिकलची वाण नाही. मोठ्या दवाखान्यांच्या आसपास तर ती ओळीनेच आढळतात. तरीही गेली चार वर्षे मी घरची सगळी औषधे पूर्व भागातील, अशोक चौकाच्या अलीकडच्या एका लहानशा दुकानातून आणतो, आणि त्याचे मुख्य कारण असे की तेथील फार्मासिस्टने पहिल्याच भेटीत मला औषध द्यायला नकार दिला होता.

त्या दिवशी माझा घसा दुखत होता आणि अंगात कणकण होती. मागच्या आजारपणातले ॲझिथ्रोमायसिन या प्रतिजैविकाचे (अँटिबायोटिकचे) रिकामे पाकीट दाखवून मी तीच गोळी मागितली. पांढरा कोट घातलेल्या त्या गृहस्थांनी विचारले, “काका, डॉक्टरांची चिठ्ठी आहे का?” नाही म्हटल्यावर त्यांनी पाकिटावरची उभी लाल रेघ बोटाने दाखवली. “ही रेघ असलेली गोळी चिठ्ठीशिवाय देता येत नाही. साधी सर्दी, घसा बहुतेक वेळा विषाणूंमुळे होतो, त्यावर हिचा काही उपयोग नाही. ताप राहिलाच तर डॉक्टरांना दाखवून घ्या.” मला राग आला. मी तेथून निघालो आणि पुढच्या एका दुकानातून तीच गोळी कोणतीही विचारपूस न होता, बिलाशिवाय घेतली. दुसऱ्या दिवशी पोट बिघडले. परंतु त्याहून अधिक मनाला लागले ते हे की एका दुकानदाराने नियम पाळून गिऱ्हाईक गमावले, दुसऱ्याने नियम मोडून ते मिळवले, आणि तो नियम मोडायला लावणारा मी स्वतः होतो.

या नकारामागे कायदा आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० सालचा आणि त्याखालील नियम १९४५ सालचे आहेत. अशी औषधे नोंदणीकृत डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकावीत, असे ते सांगतात. १ मार्च २०१४ पासून शेड्यूल एच-१ म्हणजे ठरावीक औषधांची यादी लागू झाली आणि तिच्यातील औषधांसाठी डॉक्टर, रुग्ण, औषध व नग यांची स्वतंत्र नोंदवही तीन वर्षे जपून ठेवणे बंधनकारक झाले. पत्नीसाठी सेफिक्झिम हे त्या यादीतले प्रतिजैविक घेताना ती वही मी या दुकानात प्रत्यक्ष पाहिली. मागे गिऱ्हाइके ताटकळत असतानाही त्यांनी एकही रकाना रिकामा सोडला नाही. जंतूंना औषधाची सवय होते असे आपण बोलण्यात म्हणतो. प्रत्यक्षात औषधातून तगून राहिलेले जंतू वाढत जातात आणि ते शेजाऱ्याला, घरातल्या लहान मुलालाही लागू शकतात. म्हणून ती गोळी घेणे हा माझा एकट्याचा प्रश्न राहत नाही, हे मला या दुकानाच्या काउंटरवर उभे राहून समजले.

या भागात तेलुगू बोलणारी विणकर कुटुंबे आणि विडी वळणाऱ्या स्त्रिया मोठ्या संख्येने राहतात. एकदा माझ्या पुढे अशाच एक वयस्कर बाई होत्या आणि त्यांच्या हाती सरकारी दवाखान्याची चिठ्ठी होती. फार्मासिस्टने प्रत्येक गोळी वेगळ्या कागदी पुडीत घातली, सकाळच्या पुडीवर सूर्य आणि रात्रीच्या पुडीवर चंद्रकोर काढली, आणि “अम्मा, तिन्न तर्वात” म्हणजे जेवल्यानंतर, असे सांगून त्यांच्याकडून ते पुन्हा म्हणून घेतले. रक्तदाबाची गोळी महाग पडते हे त्यांच्या चेहऱ्यावरून ओळखून, जनऔषधी केंद्रात ती स्वस्त मिळेल, मात्र आधी डॉक्टरांना विचारा, हेही सांगितले. स्वतःची विक्री घटवणारा हा सल्ला होता आणि तो त्यांनी हळू आवाजात, बाईंना संकोच वाटणार नाही अशा रीतीने दिला.

इन्सुलिनच्या बाबतीतही मी निश्चिंत असतो. ते २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावे लागते आणि सोलापूरचा पारा एप्रिल-मे महिन्यांत चाळिशीच्या पुढे जातो. येथे फ्रीजच्या दारावर तापमानाचा कागद लावलेला आहे, त्यावर रोज दोन वेळा नोंद होते, आणि वीज गेल्यास इन्व्हर्टर आहे. देताना बर्फाची पिशवी कागदात गुंडाळून ठेवतात, कारण गोठलेले इन्सुलिन निकामी होते. उन्हाळ्यात जुलाब झालेल्या मुलासाठी कोणी गोड पेयाचा डबा मागितला, तर ते एक लिटर पाण्यात कालवायची ओआरएसची पुडी पुढे करतात. बिल न मागता मिळते आणि त्यावर बॅच क्रमांक व मुदतीची तारीख असते.

उणिवा आहेत. पायऱ्या उंच असल्याने गुडघेदुखीच्या माणसाला त्रास होतो, सवलत इतर दुकानांपेक्षा कमी मिळते, आणि रात्री साडेनऊनंतर दुकान बंद असते. आणखी एक अडचण अशी की फार्मासिस्ट जेवायला गेले असता मदतनीस मुलगा फक्त साबण, पट्टी आणि कापूस देतो. चिठ्ठीवरच्या औषधाला हात लावत नाही. औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यावे, असे १९४८ चा फार्मसी कायदा सांगतो. तरी परवाना एकाच्या नावावर आणि काउंटरवर दुसराच, असा अनुभव मला अन्यत्र आलेला आहे. त्यामुळे दुपारी दोन ते तीन या वेळेत या दुकानात गेल्यास बाहेरच्या बाकावर थांबावे लागते. मी थांबतो.