वाशिष्ठीसाठी कोणतं मॉडेल: क्वाल२के की वास्प?

चिपळूणच्या वाशिष्ठी नदीत उतरलेलं रसायन जिवाणू किती दिवसांत फस्त करतील, याचं गणित मांडायचं तर निवड बहुधा क्वाल२के आणि वास्प या दोन संगणकी मॉडेलांतच करावी लागते. दोन्ही मोफत आहेत, त्यामुळे पैशाचा प्रश्न नाही.

क्वाल२के एक्सेलमध्ये चालतं. त्याचा गाभा 1925 सालचा, ओहायो नदीवर स्ट्रीटर आणि फेल्प्स यांनी बसवलेला: बीओडी (घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन) ठरावीक दराने घटते, तेवढा ऑक्सिजन खर्च होतो आणि हवेतून पुन्हा मिसळत राहतो. शिकायला सोपं, पण प्रवाह स्थिर धरतं, आणि वाशिष्ठीत नेमकं इथेच घोडं अडतं. उन्हाळ्यात ही नदी वाहती राहते ती कोयनेच्या अवजलावर, म्हणजे वीज तयार करून सोडलेल्या पाण्यावर. वीजनिर्मिती सुरू झाली की पाणी चढतं, थांबली की उतरतं. खाली गोवळकोटच्या जेटीवर ओहोटीला दाभोळकडे निघालेली काडी भरती लागली की उलटी चिपळूणकडे येते. क्वाल२केला ही परतीची वाट ठाऊकच नाही.

वास्पला आहे. तासागणिक बदलणारा प्रवाह ते घेतं. रसायन गाळात किती बसलं, हवेत किती उडालं, उन्हाने किती तुटलं, हेही वेगवेगळं मांडतं. मात्र त्याला माहिती भरपूर लागते: उधाणाला (मोठ्या भरतीच्या दिवसांत) आणि भांगाला (लहान भरतीच्या दिवसांत), भरती-ओहोटीचं पूर्ण चक्र संपेपर्यंत तासातासाला नमुने. होडी आणि माणसं नसतील तर त्याच्या वाटेला जाऊ नका.

म्हणून माझं मत असं: भरती पोचत नाही त्या वरच्या पट्ट्यात, अवजल एकसारखं सुटत असेल त्या दिवसांपुरतं, क्वाल२के पुरे. लोट्याच्या औद्योगिक वसाहतीचं सांडपाणी जिथे जातं त्या खाडीसाठी वास्पच.

दोन्हींत खरी चूक होते ती विघटनाच्या दरात. पुस्तकातला दर 20 अंशांना दिवसाला 0.23 असतो, म्हणजे निम्मं व्हायला तीन दिवस. 28 अंशांच्या पाण्यात तोच 0.33 होतो, म्हणजे जेमतेम दोन दिवस. पण हा दर घरगुती सांडपाण्याचा आहे. रंग, कीटकनाशकं यांच्या कारखान्यांतली काही संयुगं जिवाणूंच्या पचनी लवकर पडत नाहीत, काही तर पडतच नाहीत. त्यामुळे दर स्वतः काढा: पाणी बाटलीत ठेवून त्यातली घाण दिवसागणिक किती घटते ते मोजा. बाटल्या दोन्हीकडच्या भरा, वरच्या गोड्या पाण्याच्या आणि खाडीतल्या मचूळ पाण्याच्या. दर वेगळे निघाले तर वेगळेच घाला, सरासरी काढू नका.